विचारा की! : तुरिनला यंदा कोणाचं नाव घ्यायचं?

गेल्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की एटीपी फायनल्सबद्दल, म्हंजे पुरुषांच्या टेनिसच्या वर्षअखेरच्या स्पर्धेबद्दल, काय विचारायचं असेल तर पाठवा. क्रिकेटच्या या मुलखात टेनिसचं कोण विचारणार असं ऑफिसात सगळे म्हणालेले, तर निपाणीपासून खानापूरपर्यंतनं प्रश्न आले, काहींनी तर तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवल्या. सगळे घेता येत नाहीत, जागा तेवढीच. हे लिहितोय ६ नोव्हेंबर २०२५ ला, ग्रुपचा ड्रॉ आजच लागलाय, स्पर्धा इटलीत तुरिनला ९ ते १६ तारखेपर्यंत. अंक हातात पडेपर्यंत काही उलटंपालटं झालं तर मला धरू नका.

दादा, आमच्या कट्ट्यावर दोन दिवस ह्याच्यावरनं भांडालोय. टेनिसात हरला की घरी, बरोबर? मग ह्या स्पर्धेत माणूस हरून परत दोन दिवसांनी कसा काय खेळतोय? आणि असला माणूस चॅम्पियन होऊ शकतो काय?
(शहापूर, बेळगाव)

होऊ शकतो, झालेला पण आहे. वर्षभराच्या पॉइंटवर वरचे आठ जण घेतात, चार-चारचे दोन ग्रुप, प्रत्येकानं आपल्या ग्रुपातल्या तिघांशी खेळायचं आणि वरचे दोघं सेमीला. म्हंजे एक मॅच घालवली तरी जीव शिल्लक असतो, कधीकधी दोन घालवून पण सेट आणि गेमच्या टक्केवारीवर हिशोब लावत बसावं लागतं.

२०२३ चं आठवा. जोकोविच ग्रुपमध्ये इटलीच्या सिनरकडनं हरला, तीन सेट, तिसरा टायब्रेकला (६-६ झाले की सेट पॉइंटवर ठरवतात तो). स्वतःच्या बाकीच्या दोन मॅच मात्र जिंकल्या आणि हॉटेलात बसून राहिला, कारण आता सगळं सिनर आणि रुने यांच्या मॅचवर होतं आणि सिनर तर आधीच सेमीला पोचलेला. तो सैल खेळला असता आणि रुने जिंकला असता तर जोकोविच बाहेर. सिनर इमानदारीत खेळला, रुनेला हरवलं, जोकोविच आत आला, सेमीत त्यानं अल्काराझला बडवलं आणि फायनलला त्याच सिनरला त्याच्याच देशाच्या लोकांसमोर ६-३, ६-३. इटलीतले लोक त्यावर काय काय बोलले असतील ते विचारू नका. तेव्हा कोण फेवरिट हे बघताना कोण कुठल्या ग्रुपात पडलाय हे आधी बघायचं, रँकिंग नंतर.

यंदाचे ग्रुप असे. एकात अल्काराझ, जोकोविच, फ्रिट्झ, डी मिनॉर. दुसऱ्यात सिनर, झ्वेरेव, शेल्टन आणि आठव्या जागेवर जो येईल तो. आठवी जागा आत्ता तरी ऑजे-आलियासिमची दिसतीय, पण मुसेट्टी या आठवड्यात अथेन्सला खेळतोय आणि त्यानं तिथलं टायटलच घेतलं तर तो आत, हा बाहेर. आणि त्याच अथेन्सच्या ड्रॉमध्ये जोकोविच पण बसलाय. बिचाऱ्या ऑजेनं या आठवड्यात जोकोविचच्या नावानं नारळ फोडायला हरकत नाही.

सर, सिनर की अल्काराझ? एकच नाव सांगा. दोघंही चांगले आहेत, टेनिस जिंकलं असलं उत्तर नको.
(टिळकवाडी)

सिनर.

आता का ते सांगतो, कारण वर्षाचा हिशोब बघितला तर उत्तर अल्काराझ यायला पाहिजे. यंदा आठ टायटल, त्यात फ्रेंच ओपन आणि यूएस ओपन, दोन्ही फायनल सिनरलाच हरवून. पॅरिसची ती फायनल तर साडेपाच तासाला एक मिनिट कमी चालली आणि सिनरच्या हातात तीन मॅच पॉइंट होते, तिथनं ह्यानं ओढून काढली. सिनरनं ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन घेतलं, विम्बल्डनला समोर अल्काराझच होता. पण एकमेकांविरुद्ध एकूण बघाल तर अल्काराझ १०-५ नं पुढे. त्यात सिनरचे फेब्रुवारी ते मे असे तीन महिने डोपिंगच्या बंदीत गेले, तरी वर्षभराच्या पॉइंटवर तो दोन नंबरवर बसलाय ते सोडा.

पण तुरिन म्हंजे बंद हॉल, हार्ड कोर्ट, वारा नाही, ऊन नाही, चेंडू खाली राहतो आणि चटकन येतो. आपल्याकडं मातीतला मल्ल मॅटवर उतरला की कसं होतं बघा, ताकद तीच, डाव तेच, पण पायाखालची पकड बदलली की अर्धा सेकंद इकडंतिकडं होतो आणि तेवढ्यात समोरचा घुसतो. अल्काराझचं इनडोअरला तसंच काहीसं होतंय. त्याचा टॉपस्पिन, म्हंजे चेंडू फिरवून उसळवणारा फटका, क्ले कोर्टवर खांद्यावर उडतो तो इथं कमरेला येतो, आणि सिनरला कमरेच्या उंचीवर चेंडू देणं म्हंजे त्याच्या ताटात वाढणं. तुरिनला २०२३ मध्ये अल्काराझ सेमीला गेला, २०२४ मध्ये ग्रुपमध्येच रूड आणि झ्वेरेव दोघांकडनं हरून घरी. यंदा फेब्रुवारीत रॉटरडॅम जिंकला, ते त्याचं पहिलं इनडोअर टायटल, म्हंजे सुधारतोय नक्की. पण गेल्या आठवड्यात पॅरिसला पहिल्याच मॅचमध्ये कॅमेरॉन नॉरीनं त्याला काढला, आणि बेसलाईनवरनं (कोर्टाची मागची रेघ) इतके साधे फटके बाहेर जात होते की बघवत नव्हतं.

आता सिनर. २०२३ ची ती जोकोविचसोबतची फायनल हरल्यापासनं हा माणूस इनडोअरला हरलेलाच नाही. हरलेलाच नाही! गेल्या वर्षी तुरिनला एक सेट न घालवता चॅम्पियन, यंदा व्हिएन्ना आणि पॅरिस लागोपाठ. त्याच्या सर्व्हिसबद्दल लोक बोलत नाहीत, पण यूएस ओपनची फायनल हरल्यावर त्यानं स्वतःच कबूल केलं की आपला खेळ समोरच्याला आधीच कळायला लागलाय, बदलायला पाहिजे, आणि तिथनं पुढं त्याची पहिली सर्व्हिस वेगळीच पडायला लागलीय.

विरुद्ध बाजूचं एक सांगून ठेवतो, नाहीतर तुमच्यातलाच कोणतरी पत्र पाठवेल. या दोघांची टूरवरची पहिली मॅच झालेली तीच मुळी इनडोअरला, २०२१ मध्ये पॅरिसला, आणि ती अल्काराझनं सरळ दोन सेटमध्ये मारलेली. तेव्हा दोघं पोरं होते म्हणा. सौदीतल्या प्रदर्शनी मॅचेस मी धरत नाही, कोणी धरू पण नये.

आणि एक नंबरचं म्हणाल तर तो वेगळा विषय. आज रँकिंगला सिनर वर आहे, पण गेल्या वर्षीच्या फायनल्सचे त्याचे १५०० पॉइंट आता उडणार, अल्काराझचे फक्त २००, म्हणून खरं तर अल्काराझ १०५० नं पुढे धरायचा. ग्रुपच्या तिन्ही मॅच जिंकला किंवा फायनलला पोचला की वर्षअखेरचा एक नंबर त्याचा. माझा अंदाज, एक नंबर अल्काराझला आणि कप सिनरला, दोघांच्याही घरी गोडधोड.

जोकोविचला तुम्ही लोक सारखं रिटायर करता. मी निवृत्त शिक्षक आहे, मला त्याचा राग येतो. ३८ व्या वर्षी चारही ग्रँडस्लॅमची सेमी गाठणारा माणूस दावेदार नाही तर कोण?
(चिकोडी)

गुरुजी, रागवू नका, मी त्याला रिटायर केलेला नाही. सात वेळा ही स्पर्धा जिंकलेला माणूस आहे, फेडररपेक्षा एक जास्त, पहिली २००८ ला शांघायला आणि शेवटची २०२३ ला तुरिनलाच. चारही सेमीचं तुमचं बरोबर आहे, यंदा जिनिव्हाला शंभरावं टायटल पण झालं.

पण गुरुजी, त्या सेमीमध्ये पुढं काय झालं ते पण बघा. ऑस्ट्रेलियात दुखापतीनं सोडावं लागलं, पॅरिस आणि विम्बल्डनला सिनर, न्यूयॉर्कला अल्काराझ. म्हंजे बाकी जगाला तो अजून पुरून उरतो, फक्त हे दोघं सोडून. शांघायला तर वॅशरो म्हणून २०४ नंबरच्या पोरानं सेमीत हरवलं आणि तो पोरगा चॅम्पियनच झाला. फायनल्सला तीन सेटचीच मॅच असते, त्याच्या पायाला हे बरं, पण इथं सोपी मॅच एकही नाही, पहिल्या दिवसापासनं वरच्या आठातलाच कोणतरी समोर. इतर स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्या हात मोकळे करायला मिळतात, इथं ते नाही. त्यात स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत अथेन्सला खेळत बसायचं. तो तुरिनला उतरलाच तर ग्रुपमधनं निघेल असं मला वाटतं, पण उतरेलच याची गॅरंटी मी घेत नाही, गेल्या वर्षी पण दुखापतीमुळं आला नव्हता.

झ्वेरेव दोनदा जिंकलाय तरी पेपरात त्याचं नाव तिसऱ्या पॅराग्राफमध्ये. का?
(निपाणी)

कारण गेल्या शनिवारी पॅरिसच्या सेमीत सिनरनं त्याला ६-०, ६-१ असा धुतला, झ्वेरेव आधीच्या फेरीत मेदवेदेवशी तीन सेट झगडून आलेला. त्याच्या आधीच्या आठवड्यात व्हिएन्नाच्या फायनलला हाच झ्वेरेव सिनरकडनं पहिला सेट घेऊन तिसऱ्यात ५-७ हरला होता, म्हंजे खेळ आहे. २०१८ ला लंडनमध्ये जोकोविचला फायनलला, २०२१ ला तुरिनमध्ये मेदवेदेवला, दोन्ही वेळा सरळ सेटमध्ये, हे काय लॉटरी लागून होत नाही. उंची, सर्व्हिस, बॅकहँड, इनडोअरला जे जे लागतं ते सगळं आहे. पण सिनरच्याच ग्रुपात पडलाय, आणि अवघड वेळेला त्याची दुसरी सर्व्हिस अजून पण थरथरते. सेमी, त्याच्या पुढं नाही.

फ्रिट्झ, शेल्टन, डी मिनॉर, ऑजे, मुसेट्टी यातला कोण धक्का देईल? आमच्या कॉलेजमध्ये मी एकटीच टेनिस बघते, त्यामुळं चर्चा करायला कोणी नाही, जरा सविस्तर लिहा.
(खानापूर)

ताई, तुला आता सोबत मिळेल, हे पान कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लाव.

धक्के इथं बसतात. २०१७ ला दिमित्रोव पहिल्यांदाच आला आणि एकही मॅच न हरता घेऊन गेला. सगळ्यात भारी किस्सा २००५ चा, शांघाय. मोठी मोठी नावं दुखापतीनं गळाली म्हणून अर्जेंटिनाच्या नाल्बंडियानला ऐनवेळी बोलावणं गेलं, तो म्हणे मासे पकडायला निघाला होता. आला, ग्रुपमध्ये फेडररकडनं हरला, फायनलला परत फेडरर, पहिले दोन सेट टायब्रेकला घालवले, तिथनं उलटवून पाचव्या सेटच्या टायब्रेकला जिंकला. फेडररची लागोपाठ ३५ मॅच जिंकल्याची माळ तिथं तुटली. तेव्हा मुसेट्टी मागच्या दारानं आला तरी त्याला हसू नकोस.

यंदा मात्र माझी नजर ऑजेवर आहे, आत आला तर. यूएस ओपन सेमी, ब्रसेल्सचं टायटल, पॅरिसची फायनल, आणि बंद हॉलमध्ये त्याची पहिली सर्व्हिस लागायला लागली की समोरच्याला रॅकेट लावायला वेळ मिळत नाही. पॅरिसच्या फायनलला सिनरला दुसऱ्या सेटमध्ये टायब्रेकपर्यंत नेलंच की. शेल्टन पहिल्यांदा येतोय, टोरांटोला मास्टर्स (ग्रँडस्लॅमच्या खालोखालची स्पर्धा) जिंकला, पण यूएस ओपनला खांदा धरून बाहेर पडला आणि त्यानंतर ती सर्व्हिस पूर्वीसारखी सुटताना मला तरी दिसलेली नाही, आणि शेल्टनमधनं सर्व्हिस काढली तर मग उरतं काय. फ्रिट्झ गेल्या वर्षीचा फायनलिस्ट, फायनलला सिनरकडनं ६-४, ६-४ हरला, सप्टेंबरात लेव्हर कपला अल्काराझला त्यानं ६-३, ६-२ असा हरवला आणि आता त्याच्याच ग्रुपात आहे, ती मॅच अजिबात चुकवू नकोस. डी मिनॉर पळतो खूप, मनापासनं पळतो, गेल्या वर्षी तीनपैकी तीन हरला. एखादी जिंकेल यंदा.

मुसेट्टीचा एकहाती बॅकहँड बघायला मला लई आवडतो, पण २०२२ नंतर टायटल नाही, फायनलला गेला की काहीतरी होतंच.

नदालनं ही स्पर्धा किती वेळा जिंकली? पैज लागलीय, एक वेळचं मटण आहे.
(हिंडलगा)

एकदा पण नाही. लागोपाठ १६ वर्षं पात्र ठरला, कितीदा तर दुखापतीनं आलाच नाही, २०१० ला फायनलला फेडररनं हरवलं आणि २०१३ ला जोकोविचनं. मटण कोणाचं ते तुमचं तुम्ही बघा.

ऑनलाईन अॅपवर पैसे लावायचे का सिनरवर?
(नाव, गाव नको म्हणालेत)

नको. ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशाच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केलाय, आणि कायदा नसता तरी माझं उत्तर हेच. पुढचा प्रश्न.

आपला कोण आहे का हो त्यात? का नुसतं परक्यांचं कौतुक करायचं?
(बेळगाव कॅम्प)

सिंगल्सला नाही, आणि नजीकच्या काळात होईल असं दिसत पण नाही, खोटं कशाला बोला. डबल्सला मात्र आपला हात या स्पर्धेला लागून लागून निसटलाय. आपल्याच राज्यातला, कोडगूचा रोहन बोपण्णा, २०१२ ला भूपतीबरोबर आणि २०१५ ला मर्जियाबरोबर, दोन्ही वेळा फायनलला हरला. तो ४३ व्या वर्षी डबल्सचा एक नंबर झाला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, आणि आता १ नोव्हेंबरला त्यानं निवृत्ती जाहीर केलीय. आमच्या भागात त्याची बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची आली, ते बघून वाईट वाटलं. सीमाभाग म्हणा, कर्नाटक म्हणा, भाषा कुठली का असेना, एवढं मोठं करिअर चार ओळींचं नव्हतं.

आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे, २००० साली डबल्सची ही वर्षअखेरची स्पर्धा सिंगल्सपासनं वेगळी काढून बंगळुरूला घेतलेली. बंगळुरूला! फायनलला पेस आणि भूपती, घरचं मैदान, आणि जॉन्सन-नॉर्वल या जोडीनं हरवलं. बायकांच्यात सानिया मिर्झानं मात्र दोनदा जिंकलीय, २०१४ ला कारा ब्लॅकबरोबर आणि २०१५ ला हिंगिसबरोबर, दोन्ही सिंगापूरला.

महिलांच्या फायनल्सचं पण लिहा की, तिथं सबालेंकाच जिंकणार ना?
(वडगाव)

ती स्पर्धा रियाधला चालूच आहे, आणि तुम्ही एक नंबर बघून बोलताय असं वाटतंय. मी रिबाकिनाकडं बघतोय. सगळ्यात शेवटी पात्र ठरली, आणि ग्रुपमध्ये अनिसिमोवा, श्वियाँतेक, अलेक्झांड्रोवा तिघींना हरवून सेमीला. बंद हॉल आणि तिची सर्व्हिस, हे गणित पुरुषांच्यासारखंच चालतं. सबालेंका वर्षभर सगळ्यात सातत्यानं खेळली हे मान्य, यूएस ओपन पण तिचंच, पण या स्पर्धेत २०२२ ची फायनल ती हरलीय आणि कप अजून तिच्याकडं नाही. दोघी फायनलला भेटल्या तर मी रिबाकिना म्हणेन.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, दोन वर्षं झाली कोचिंगला जाते. तिला या मॅचेस दाखवायच्या आहेत पण मला स्वतःला टेनिसमधलं फार कळत नाही. किती वाजता लागतात आणि तिला काय बघायला सांगू?
(अनगोळ)

वेळ सोपी आहे. दुपारची सिंगल्स आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाला, रात्रीची म्हंजे आपल्याला मध्यरात्र उलटून एक. एकची दाखवू नका, शाळा असते, आणि खरं सांगायचं तर मोठ्या माणसांनी पण बघू नये पण मी बघणार.

स्कोअर बघू नको म्हणून सांगा. सिनरची मॅच असली की एका पूर्ण सेटला चेंडूकडं न बघता फक्त सिनरचे पाय बघायचे, समोरचा दुसरी सर्व्हिस करतो तेव्हाचे. समोरच्यानं चेंडू वर टाकला की हा अर्धं पाऊल पुढं सरकतो, रॅकेट चेंडूला लागायच्या क्षणाला एक छोटी उडी, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले की लगेच चेंडूच्या दिशेला ढकलतो. स्विंग बघाल तर अगदी छोटी, मागं फार जातच नाही रॅकेट. तिथनं तो चेंडू सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाशी टाकतो आणि तो बिचारा अजून सर्व्हिसमधनं सावरलेला नसतो. ग्रुपमध्ये शेल्टन आणि झ्वेरेव दोघंही लांब हाताचे, पायाशी आलेला चेंडू उचलताना त्यांची धांदल होते ती तिला लगेच दिसेल.

अल्काराझची लागली तर ड्रॉप शॉट, म्हंजे नेटजवळ हळूच टाकलेला चेंडू. तो मारतानाचा हात नाही, त्याच्या आधीचा फटका बघायला सांगा, समोरच्याला मागं रेटणारा. समोरचा बेसलाईनच्या दोन हात मागं गेला की पुढचा चेंडू हळू येणार असं तिनं आधीच ओरडून सांगायचं. दहातले पाच-सहा बरोबर आले तर कोचला फोन करून सांगा पोरीचं डोकं चालतंय म्हणून.